हातचा एक

पेटी बिश्केकहून आली तेव्हा मार्च होता,
आत-बाशीच्या रस्त्यावर बर्फ अजून गुडघाभर.
शंभर ठोकळे, प्लॅस्टिकचे, चार रंगांचे,
सोबत यादी, यादीवर शिक्का.
कालिपाबाईंनी पेटी कपाटात ठेवली,
किल्ली स्वेटरच्या आतल्या खिशात.
"हरवले तर भरून कोण देणार?"

मग मी आपली हाडंच आणली.

मेंढीच्या घोट्याची. उकळून, घासून
गुळगुळीत झालेली, काही बीटच्या पाण्यात लाल,
काही कांद्याच्या सालीत पिवळी.
आमच्याकडे दात यायच्या आधी पोराच्या हातात हाड येतं.
चार अंगांवर पडतं ते, चार अंगांना चार नावं:
चिक, बोक, ता, आल्ची.
आल्ची पडली की डाव तुमचा.

नमद्यावर सात मुलं. मोजे ओले. चुलीत गोवऱ्या.
"दहा झाली की पिशवीत घाला.
पिशवीला काय म्हणायचं?"
"दशक," सैकाल म्हणते, नाक बाहीला पुसत.
"आणि पिशवीबाहेर एकही उरलं नाही तर?"
मी तिची बोटं धरून नमद्यावरची मोकळी जागा
चाचपायला लावते. इथे काही नाही.
पण 'इथे' आहे ना, तिथे शून्य ठेव.
ती बराच वेळ हात उचलत नाही.

उलारबेक नुसता बघतो.
"किती रे?"
"पाच मेंढ्या."

मुलं हसली. मीही हसणार होते,
मग ध्यानात आलं:
मागच्या पायांत एकेक, म्हणजे मेंढीमागे दोन.
दहा हाडं. पाच मेंढ्या.
भागाकार मी अजून शिकवलेला नाही.
"यातली एक आमची," तो म्हणाला,
"कान फाटका होता तिचा. पाहुणे आले तेव्हाची."

वजाबाकी मात्र त्याला जमत नाही,
किंवा पटत नाही.
सातातून तीन काढ म्हटलं की काढतो,
पाठीमागे मुठीत धरतो.
"किती राहिली?"
"सात."
"नीट बघ."
"चार इथे. तीन हातात."
"हातातली मोजायची नसतात."
"का?"

वीस वर्षं शिकवतेय. या 'का'वर
गाईडमध्ये काही दिलेलं नाही.
त्याच्या घरी पाच माणसं होती.
आई येकातेरिनबुर्गच्या गोदामात खोकी चिकटवते,
बाप त्याच शहरात कुठल्याशा बांधकामावर.
आजोबा दस्तरखानावर अजूनही पाच वाट्या मांडतात,
असं ऐकून आहे.
आणि मी त्याला सांगायचं, बाकी तीन?

मे महिन्यात तपासणीचे साहेब आले.
कपाट उघडलं. ठोकळे नमद्यावर ओतले गेले,
कोरे, एकावर एक चढवायला उत्सुक.
"हं, चालू द्या."

मुलांनी ते मुठीत घेतले, खुळखुळवले, फेकले
आणि माना वाकड्या करून बघत राहिली.
"बाई, यात आल्ची कुठली?"
सगळीकडून सारखाच.
पुन्हा फेकले. पुन्हा सारखाच.
"मग जिंकायचं कसं?"
साहेबांनी चहाची वाटी जवळ ओढली.
कालिपाबाई खिडकीबाहेर काहीतरी शोधू लागल्या.
मी म्हटलं, चला, मनोरा करू.
मनोरा झाला. साहेबांनी फोटो काढला.

जीप गेल्यावर मोजून परत ठेवायचे होते.
दहादहाचे ढीग. नऊ ढीग,
आणि सुटे नऊ.
दुसऱ्यांदाही तेवढेच.
उलारबेक दाराशी वाकून
बुटाची नाडी बांधत होता,
एकाच हाताने. जमत नव्हतं त्याला.
मी जाऊन बांधून दिली.
दुसरी मूठ पाठीमागेच होती, लाल काहीतरी
बोटांच्या फटीतून दिसत होतं.

कालिपाबाईंनी यादी पुढे केली.
'शंभर' लिहिलं मी, खाली सही केली.

पेटीत नव्व्याण्णव,
हातचा एक.